कारणाची रिकामी ओळ

"मावशी, तुम्ही मान हलवता ती हो म्हणून की नाही म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. पाटीवर लिहा बघू. काय बंद आहे?"

वरच्या मजल्यावरची ही मुलगी इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. घरीच बसून, कानाला हेडफोन लावून, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते आणि ओरडून ओरडून त्यांना उपाय सांगते. तिचा आवाज जिन्यावरून थेट आमच्या स्वयंपाकघरात उतरतो. सगळी इमारत तिला भोंगा म्हणते, आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. दार वाजवून "मी भोंगा" असंच सांगते. त्या दिवशी तिची सुट्टी होती. दुपारी माझी मुलाखत चालू असताना बाबांजवळ बसशील का, असं मी तिला आदल्या संध्याकाळी विचारलं होतं. बाबांना काय लागतं, काय नको, हे बघून घ्यायला ती सकाळीच खाली आली होती, आणि बघता बघता लॅपटॉपपाशी पोचली होती.

मी सकाळी बोलत नाही. उठल्यापासून माध्यान्हीची प्रार्थना होईपर्यंत मौन, दिवस मावळल्यावर अन्न नाही, आणि खोटं बोलायचं नाही, गमतीतसुद्धा नाही. आई गेली तेव्हापासून हे चालत आलंय. यात मोठेपणा काही नाही. कुणाला सकाळी उठल्याउठल्या चहा लागतो, मला हे लागतं. मी पाटी ओढली आणि लिहिलं, 'शाळेचं पान उघडत नाही. बाकी सगळं चालतं. राहू दे.'

"राहू दे?" भोंगा किंचाळलीच. आतल्या खोलीत बाबांनी डोळे उघडले असणार. "अहो, दुपारी त्याच पानावर मुलाखत आहे ना तुमची? आणि राहू दे?"

मी खाली लिहिलं, 'उघडायचं असेल तर उघडेल.'

तिने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. "मावशी, मी रोज पन्नास लोकांच्या शिव्या खाते. पण एवढ्या शांतपणे मला कुणी वेड लावलं नव्हतं."

शाळेचं सांगायला हवं. बाबांचं अर्धं अंग गेलं तेव्हा त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागे. सकाळची वेळ, म्हणजे माझं मौन. तिथे एक बाई आपल्या बहिऱ्या मुलीला घेऊन येत असे. मी बोलत नाही हे पाहून त्या पोरीला वाटलं, मीही तिच्यातलीच. तिने माझ्याशी हातांनी बोलायला सुरुवात केली, आणि मला एकही शब्द कळेना म्हणून पोट धरून हसली. पुढे मी तिच्याकडून शिकले, मग तिच्या आईकडून, मग पद्धतशीर वर्गच केला. हातांची भाषा मला इतकी जवळची का वाटली ते सांगता येणार नाही. मौन मोडत नाही आणि माणूसही तुटत नाही, असं काहीतरी. त्या वर्गाच्या बाईंनीच माझं नाव एका निवासी शाळेला कळवलं. बहिऱ्या मुलांची शाळा, डोंगराच्या पायथ्याशी. लहान मुलांना शिकवायचं आणि त्यांच्याबरोबरच राहायचं. मुख्याध्यापिकांचा फोन आला, बोलणं झालं, आणि त्या म्हणाल्या, "पुढची भेट समोरासमोर. हात बघितल्याशिवाय मी कुणाला घेत नाही. आमच्या पानावरच व्हिडिओवर भेटायची सोय आहे, तिथे या."

त्या संध्याकाळी मी ते पान उघडून अक्काला दाखवलं होतं. तेव्हा ते उघडलं होतं. अंगणात रांगेत उभी मुलं, सगळ्यांचे हात वर.

अक्का माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी शाळेतच होते. माझ्या वेण्या, माझे डबे, माझं आजारपण, सगळं तिनंच पाहिलं. ती एका मोठ्या कचेरीत कॉम्प्युटरचं जाळं सांभाळते. देवाधर्माशी तिचं वाकडं नाही, पण सरळही नाही. मला ती 'मुनीबाई' म्हणते. लोकांसमोर तर मुद्दाम. "आमच्या मुनीबाई आता फक्त सूर्यालाच उत्तर देतात." मी हसते. तिची थट्टा मला कधी टोचली नाही, कारण थट्टा करत करत ती माझ्या मौनाच्या वेळी दारावरची घंटा काढून ठेवायची.

हा लॅपटॉपही तिचाच. कचेरीनं टाकून दिलेला तिनं घरी आणला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं आणि मला दिला. मी घरी बसून छापखान्याची टायपिंगची कामं करते, त्यासाठी. "यात रोगराई शिरत नाही," ती म्हणाली होती, "आणि तू काही बिघडवलंस तर मला नीट करता येतं."

शाळेचं पान दुसऱ्या दिवसापासून बंद झालं. मुख्याध्यापिकांनी आधी एकदा तपासून घ्यायला सांगितलं होतं, ती वेळ हुकली. आज देवाच्या मनात नसेल, असं मी अक्काला म्हणाले. त्यांनी समजून घेतलं, दुसरी वेळ दिली. ती तर मुलाखतीचीच, आणि तेव्हाही पान उघडलं नाही. तेव्हा अक्का घरी होती. ती खुर्ची ओढून बसली, काळ्या खिडकीत भराभरा काही टाइप केलं, ओठ मुडपले आणि म्हणाली, "त्यांचाच सर्व्हर पडलाय गं. आपल्याकडून काही नाही."

मी मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला. त्यांना नवल वाटलं, आमच्याकडे तर सगळं ठीक आहे म्हणाल्या. पण तिसरी वेळ दिली. शेवटची, असंही हळूच सुचवलं. फोन ठेवून मी अक्काला म्हणाले, "आता तिसऱ्यांदाही दार बंदच निघालं ना, तर मी समजेन की देवाच्या मनात नाही. मग मी तो विषयच सोडून देईन."

"तुझा देव वायफायवर कधीपासून आला?" अक्का म्हणाली. पण ती हसली नाही. तेव्हा मला ते जाणवलं नाही. आता जाणवतं.

माझ्याकडे साधा बटणांचा फोन आहे. भोंगाचा फोन मागता आला असता, शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात जाता आलं असतं, हे मला सुचलं नव्हतं असं नाही. पण मागून, ढकलून, दार उघडायला लावायचं हे मला पटेना. मी रोज प्रार्थनेत म्हणते, तू दाखवशील तिकडे जाईन. मग त्याने न दाखवलेल्या दारावर लाथा कशा घालायच्या? खरं सांगायचं तर आदल्या रात्री मी दिव्यासमोर बसून बंद दाराबद्दल आभारही मानून टाकले होते. बाबा आहेत, अक्का आहे, तू मला इथेच ठेवतोयस, तुझंच बरोबर असेल. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आभार मानले.

भोंगाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने खिशातून आपला फोन काढला. "तुमचा वायफायचा पासवर्ड? बाबांची जन्मतारीख? सगळ्यांचा तोच असतो." मी पाटीवर लिहून दिला. तिने तो घातला, शाळेचा पत्ता टाकला आणि फोन माझ्यासमोर धरला.

अंगण. मुलं. हात वर.

"हे बघा. त्यांचा सर्व्हर ठणठणीत आहे. तुमचं वायफायही ठणठणीत. याच राउटरवरून आत्ता माझ्या फोनवर आलं ना? म्हणजे भानगड आहे ती या लॅपटॉपमध्ये."

 खडू हातातच राहिला.

ती खुर्चीत बसली आणि काळी खिडकी उघडली. त्यानंतर तिचं तोंड आणि बोटं बरोबरच चालली. "आधी राउटरला हाक मारू. दिली ओ. आता बाहेर कुणालातरी. त्यांनीही दिली. आता शाळेला." तिने एंटर दाबलं आणि भुवया वर केल्या. "मावशी, पाहिलंत? माझं बटण दाबून होतं न होतं तोच याने 'नाही' म्हटलं."

मी मान हलवली.

"ही हो म्हणून होती, कळलं. हे बघा, समोरचं घर बंद असेल तर माणूस जातो, दार वाजवतो, वाट बघतो, कंटाळून परत येतो. वेळ लागतो की नाही? याने वेळच घेतला नाही. म्हणजे हा उंबऱ्याबाहेर पडलाच नाही. आपल्याच घरात कुणीतरी त्याला सांगितलं, जाऊ नकोस."

तिने एक दोन ठिकाणं उघडून बघितली. पत्ते लिहून ठेवायची फाइल साफ होती. भिंत म्हणून जे काही असतं, त्यातही नियम नव्हता. मग ती म्हणाली, "थांबा, मार्गांचा तक्ता बघू," आणि आणखी एक छोटी कमांड दिली.

चार ओळी आल्या. तिने पहिलीवर बोट ठेवलं. "ही म्हणते, कुठेही जायचं असेल तर राउटरच्या दारानं जा. ही आणि ही घरातल्या घरात फिरायची. आणि ही चौथी..." भोंगाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "अनरीचेबल. आणि पुढे एकच पत्ता. शाळेचा. मावशी, याला सांगून ठेवलंय की जगात कुठेही जा, फक्त या एका घराला वाट नाही."

मी घाईघाईनं लिहिलं, 'लॅपटॉप अक्काच्या कचेरीतला आहे. तिथला जुना नियम असेल.'

"असेल, असेल. कचेऱ्या काय वाट्टेल ते बंद करतात," ती म्हणाली. मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. "पुसून टाकते. पासवर्ड टाका तुमचा."

मी टाकला. ओळ गेली. भोंगानं वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं, तक्ता पुन्हा मागवला. चौथी ओळ तिथेच होती, जणू कुणी हात लावलाच नव्हता.

"परत आली. म्हणजे वायफाय जोडलं की कुणीतरी ती लिहितंय. आपोआप चालणाऱ्या फाइली एका ठिकाणी असतात, तिकडे जाऊ."

त्या ठिकाणी दोन फाइली होत्या. तिने पहिली उघडली. ती घरच्या प्रिंटरसाठी होती. वर एक ओळ होती, फुलीसारख्या चिन्हानं सुरू झालेली, मशीननं वाचायची नाही अशी. साध्या मराठीत लिहिलं होतं, 'मुनीला प्रिंटर सापडत नाही आणि ती मला विचारतही नाही, म्हणून.'

भोंगा खुदकन हसली. "मोठ्या मावशी ना? किती गोड."

मला हसू आलं नाही, कारण मला अक्काची रीत माहीत होती. तिच्या हाताखालची पोरं आमच्या घरी येतात तेव्हा चहा पिता पिता ती त्यांना हेच बजावते. मशीनमध्ये एक ओळ जरी बदललीत तरी वर कारण लिहा. कारण न लिहिता केलेला बदल म्हणजे चोरी. माझ्या लॅपटॉपमध्ये तिने केलेल्या प्रत्येक गोष्टीवर अशी एक ओळ आहे, हे मला तिनंच एकदा कौतुकानं दाखवलं होतं. पडद्याचा उजेड कमी करणाऱ्या फाइलीवर, 'रात्री हिचे डोळे दुखतात म्हणून.'

भोंगानं दुसरी फाइल उघडली.

वायफाय जोडलं की शाळेच्या पत्त्याची वाट बंद कर, एवढंच तीत होतं. आणि त्याच्या वर, कारणाच्या जागी, ते फुलीसारखं चिन्ह होतं. पुढे एक मोकळी जागा. मग काहीच नाही.

तिनं सवयीनं चिन्ह घातलं होतं. मग पुढे लिहायला गेली असणार, आणि लिहिता आलं नसणार.

"तारीख बघू?" भोंगानं अगदी हळू विचारलं. मी मान हलवली. या वेळी तिला विचारावं लागलं नाही. तारीख मी अक्काला शाळा दाखवली त्याच्या दुसऱ्या दिवशीची होती. पहाटेची. त्या वेळी मी दिव्यासमोर बसलेली असते आणि मागे वळून बघत नाही. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. सगळे म्हणजे बाबा आणि अक्का.

"मी काढून टाकू ही फाइल?"

मी जोरात नकार दिला. पाटीवर लिहिलं, 'असू दे. अक्का येऊ दे.'

भोंगा उठली. माझ्या खांद्यावर हात ठेवून जिन्याकडे गेली. तिला इतक्या हळू पायऱ्या चढताना मी कधी ऐकलं नव्हतं.

माध्यान्हीची प्रार्थना मी केली. म्हणजे शब्द म्हटले. आदल्या रात्रीचे आभार सारखे मध्ये येत होते. ते कुणाला पोचले असतील, याचा विचार थांबेना. मी हात जोडले होते ते एका फाइलीपुढे, आणि ती फाइल माझ्या बहिणीनं, माझ्या पाठीमागे, मी देवाचं नाव घेत असताना लिहिली होती.

अक्का दुपारी अर्धी सुट्टी टाकून आली, म्हणून भोंगाला खाली यावं लागलं नाही. हातात माझ्या आवडीची केळी. "म्हटलं आज तुझ्याजवळ असावं," ती म्हणाली. "काही कमी-जास्त झालं तर सोबतीला."

मी मनाशी ठरवलं होतं की आधी आरोप करायचा नाही. तिला एक संधी द्यायची. म्हणून नुसतं विचारलं, "अक्का, शाळेचं पान अजून उघडत नाही. का उघडत नसेल?"

ती केळी ठेवून आली, लॅपटॉपसमोर बसली. तीच भराभर बोटं, तेच मुडपलेले ओठ. मी तिच्या मागे उभी होते. तिच्या भांगात पांढरे केस वाढले होते. मी मनात म्हणत होते, आता सांगेल. आता वळेल आणि सांगेल.

"नाही गं बाई," ती म्हणाली. "त्यांच्याकडचंच आहे. असं कसं चालवतात शाळा कोण जाणे. जाऊ दे, मुनीबाई. तूच म्हणाली होतीस ना, तिसऱ्यांदा..."

"वाक्य पुरं करू नकोस," मी म्हणाले. "भोंगा सकाळी आली होती. तिनं मार्गांचा तक्ता काढला. मग ती फाइल काढली."

अक्काचे हात कीबोर्डवरून उठले आणि मांडीवर गेले.

"वर कारण लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

 अक्का न वळताच बोलली. "बाबांचं काय करणार होतीस?"

"आपण बोललो असतो. बाई ठेवली असती. तू मला विचारलंसच कुठे? तू तर म्हणालीस, जा, छान आहे शाळा."

"मग काय म्हणायला हवं होतं? जाऊ नकोस म्हणून पाया पडायला हवं होतं?"

"हो."

"मला नाही जमत ते." ती वळली. तिचा चेहरा तापल्यासारखा लाल झाला होता. "तुला काय, तुझं बरंय. तुझा देव आहे, दिवा आहे, जिथे जाशील तिथे दिवा लावशील आणि बसशील. मी घरी यायचं ते कुणाकडे? त्यांच्याकडे?" तिनं बाबांच्या खोलीकडे हात केला. "ते तर मला ओळखतही नाहीत दुपारचे. तू आहेस म्हणून हे घर आहे, मुनी. नाहीतर नुसत्या खोल्या."

"हे बोलली असतीस तर मी राहिलेही असते कदाचित."

"म्हणूनच नाही बोलले. तू उपकार म्हणून राहिली असतीस."

"आणि आता कशी राहणार होते? फसून?"

 ती खालच्या आवाजात म्हणाली, "एकच दिवस ठेवणार होते ते. त्या तपासणीच्या दिवसापुरतं. मला वाटलं तू रडशील, चिडशील, त्या बाईंशी भांडशील, भोंगाला बोलावशील, आणि ते उघडकीला येईल. मी शिव्या खाईन आणि सुटेन. पण तू काहीच केलं नाहीस. तू म्हणालीस, देवाच्या मनात नसेल. तू इतकं... सोपं केलंस."

 मी हात पदरात धरून ठेवले.

"वाट अडवलीस, त्याचं मी सोसेन," मी म्हणाले. माझा आवाज मुळात मोठा नाही, पण तो ऐकायला ती पुढे वाकली. "माणसं घाबरली की अडवतात. पण तुला माहीत होतं, अक्का. बंद दार दिसलं की मी काय समजते, ते या जगात फक्त तुला माहीत होतं. तू देवाची नक्कल केलीस, आणि मी नमस्कार केला."

"मी असं नव्हतं मनात आणलं."

"दुसऱ्यांदाही नाही? आत्ता, या खुर्चीत बसून, तिसऱ्यांदा म्हणालीस तेव्हाही नाही?"

 थट्टा करणारी, शब्दाला शब्द देणारी माझी अक्का, तिला उत्तर सुचलं नाही. तेव्हा मला खरं रडू आलं. तोवर मनाच्या एका कोपऱ्यात मी थांबले होते, की ही काहीतरी म्हणेल आणि सगळं वेगळंच निघेल.

"वेळ होत आली," मी डोळे पुसून म्हणाले. "काढ ते. तूच काढ."

ती स्क्रीनकडे वळली. पासवर्ड टाकताना दोनदा चुकली. फाइल गेली, ओळ गेली, वायफाय बंद करून चालू केलं. तक्त्यात तीन ओळी राहिल्या. तिनं शाळेचं पान उघडलं आणि खुर्चीवरून उठली. बाबांच्या खोलीत गेली. दार मात्र लावलं नाही.

मुख्याध्यापिका माझ्या कल्पनेपेक्षा वयानं लहान निघाल्या. चष्मा कपाळावर सरकवलेला, मागे फळ्यावर मुलांनी काढलेली चित्रं. सुरुवातीला त्या तोंडानं बोलल्या, मग अचानक हातांनी बोलू लागल्या, आणि मीही. त्यांनी विचारलं, चिडलेलं मूल तुमच्याकडे बघतच नसेल तर त्याच्याशी कसं बोलाल? मी म्हटलं, बोलणार नाही. त्याच्या शेजारी बसेन, ते बघेपर्यंत. त्या हसल्या.  आम्ही बराच वेळ बोललो. घरात कुठेही आवाज नव्हता, आणि बाबांच्या दारात अक्का येऊन उभी राहिली आहे हे मला न बघताही कळत होतं. तिला हातांची भाषा येत नाही.

शेवटी बाई पुन्हा तोंडानं बोलल्या. "एक विचारते. इथे आलेल्या बऱ्याच जणी पहिल्या महिन्यात परत जातात. घरून बोलावणं येतं. तुमच्या घरच्यांची तयारी आहे ना?"

हो म्हटलं असतं तर ते तिथेच मिटलं असतं. दाराकडे बघायचं मी टाळलं.

"नाही," मी म्हणाले. "माझ्या बहिणीची तयारी नाही. तिला मी जायला नकोय. पण तुम्ही घेतलंत तर मी येईन, आणि परत जाणार नाही."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "आणखी दोघींना भेटायचंय. या आठवड्यात कळवते." पान मिटलं.

मी लॅपटॉप बंद केला. अक्का दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं माझं उत्तर ऐकलं होतं. 

"काय म्हणाल्या?" तिनं विचारलं.

"कळवतील."

तिनं मान डोलावली. आणि मग, लहानपणापासून माझ्या प्रत्येक निकालाच्या वेळी, प्रत्येक तापाच्या वेळी मला धीर द्यायला ती जे बोलत आली होती, स्वतःचा विश्वास नसतानाही केवळ माझ्यासाठी जे बोलत आली होती, ते सवयीनं तिच्या तोंडून निघालंच. "देवाच्या मनात असेल तर..."

"ते तू बोलू नकोस, अक्का," मी म्हणाले.

ती थांबली. आतून बाबांनी कण्हल्यासारखा आवाज केला. त्यांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. आम्ही दोघी आत गेलो. तिनं चादरीची पलीकडची बाजू धरली, मी अलीकडची. नेहमी आम्ही एकमेकींकडे बघून ओढतो, म्हणजे दोघींचा जोर एकाच वेळी लागतो. त्या दिवशी मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि अक्कानं ओढायच्या आधी, अगदी परक्या बाईला विचारावं तसं, विचारलं, "धरलंयस ना?"